पश्चिमेचा उंबरा

केशवरावांचा पाय दत्तोपंतांच्या उंबऱ्यामुळे गेला, असं बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या गल्लीत वर्षभर बोललं जात होतं. बोलणाऱ्यांत शिकलेली माणसं होती, वकील होते, शाळेत भूगोल शिकवणारे एक गृहस्थही होते. मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो. पाय माझ्या नवऱ्याचा गेला होता. उंबऱ्याला दोष द्यायचा हक्क कुणाला असलाच तर तो आम्हाला होता. एका भल्या माणसाचं नाव त्या बोलण्यानं मातीत चाललं होतं, म्हणून काय झालं ते मीच सांगते. नवऱ्याचं नाव घेऊ नये ही आमच्या वेळची रीत, पण ओळीओळीत ‘हे’ आणि ‘यांनी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. तेव्हा केशवरावच म्हणते.

केशवराव हायस्कुलात गणित शिकवायचे. घरात आम्ही तिघं, ते, मी आणि माझ्या सासूबाई रुक्माबाई. गल्ली त्यांना आक्का म्हणायची. सासूबाईंचं माहेर निपाणीकडच्या एका खेड्यातलं. वकील-मास्तरांच्या वस्तीत इतकी वर्षं काढूनही त्यांनी आपली बोली सोडली नव्हती, आणि कुणी हसलं तर त्या मुद्दाम आणखी ठसक्यात बोलायच्या. तरुणपणीच वैधव्य आलं, तेव्हापासून आलवण नेसायच्या. पंचांग उशाशी असायचं. गल्लीतल्या निम्म्या घरांचे मुहूर्त त्याच काढून द्यायच्या, मात्र त्या मुहूर्ताला त्यांना कुणी बोलवायचं नाही.

दत्तोपंत आमच्यापासून पाच-सहा घरं सोडून राहायचे. मुंबईच्या एका विमा कंपनीचे ते एजंट. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, सायकल. स्वभावानं लाख माणूस, पण एक खोड मोठी होती. समोरचा माणूस खुशीत दिसला की त्यांना त्याची काळजी वाटायला लागायची. बारशाला गेले तर पेढा तोंडात असतानाच बापाच्या तब्येतीची चौकशी करायचे. त्यामुळे त्यांची सायकल दिसली की लोकांना एकदम परसातली कामं आठवायची. त्यांची बायको पद्मजावहिनी हे सगळं हसून सोसायची.

छत्तीस सालच्या मे महिन्यात आम्ही गोव्याला जायचं ठरवलं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मी समुद्र पाहिला नव्हता. लोंढ्यावरून गाडी, घाट, दूधसागर, मग मडगाव. तिथल्या एका खानावळीत आठ दिवस खोली घेतली होती. केशवरावांना पेपर तपासून देईपर्यंत शनिवार होणार, म्हणून रविवारची गाडी ठरली. सासूबाईंनी पंचांग उघडलं आणि मान हलवली. रविवारी पश्चिमेला जायचं नाही, दिशाशूल आहे.

यावर आमच्याकडे जुना तोडगा आहे. प्रस्थान ठेवायचं. चांगला मुहूर्त आधीच्या एखाद्या दिवशी असेल तर त्या वेळी तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाचं एखादं वस्त्र अशी पुरचुंडी बांधायची आणि जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग शास्त्रानं प्रवास त्याच वेळी सुरू झाला. निघायच्या दिवशी त्या घरी जायचं, पुरचुंडी उचलायची आणि तिथूनच पुढे चालू लागायचं.

आमच्या पश्चिमेला पहिलं घर मालुबाईंचं, वकिलांच्या बायकोचं. आमचं प्रस्थान नेहमी त्यांच्याकडेच असायचं. पण बुधवारी सकाळी मी पुरचुंडी घेऊन गेले तर दाराला कुलूप. त्या भावाकडे निपाणीला गेल्या होत्या. मुहूर्त सरत चालला होता. त्यापुढचं पश्चिमेचं उघडं घर म्हणजे दत्तोपंतांचं.

मी धावत परत येऊन विचारलं. सासूबाईंनी पंचांगातली वेळ पुन्हा बघितली.

“त्या इम्याच्या घरी?” त्या म्हणाल्या. “बरं, ठेव जा. पन त्याच्यासंगट बोलत बसू नगं.”

पद्मजावहिनींनी पुरचुंडी हातात घेतली, देवाजवळ पाटावर ठेवली, वर फूल वाहिलं. मला कुंकू लावलं. तेवढ्यात दत्तोपंत बाहेर आले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे केशवरावांचा प्रवास आमच्या उंबऱ्यावरून सुरू झाला,” ते म्हणाले. “मग वहिनी, मला एक सांगू द्या. कंपनीनं या सालापासून प्रवासाचा विमा काढलाय. सुट्टीला जाणाऱ्यांसाठीच. परक्या मुलखात ताप आला, सामान गेलं, घाटात गाडी अडकली, पाय मोडला...”

“अहो,” पद्मजावहिनी म्हणाल्या.

“पाय मोडला तर डॉक्टर, दवाखाना, घरी आणायची सोय, सगळं कंपनी बघते. आक्कांनी दिशेची तजवीज केली. ही पुढची.”

मी हो-हो करून निघून आले. रविवारी आम्ही दोघं पुरचुंडी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी केशवरावांपुढे कागदच धरला. केशवराव हसले. “पंत, आठ दिवस वाळूत बसायचंय. वाळूत बसून माणसाचं काय होतंय?” दत्तोपंतांनी कागद घडी करून खिशात ठेवला, आमची वळकटी टांग्यात चढवली आणि पायरीवर उभे राहून टांगा वळेपर्यंत हात हलवत राहिले.

समुद्र मी पाहिला. त्याबद्दल खूप लिहिता येईल, पण आता नको. चौथ्या दिवशी आम्ही मुरगावला बंदर बघायला गेलो. पलीकडे खडकाळ किनारा होता. केशवराव मला एक मोठी आगबोट दाखवत पुढे चालले होते. खडकावर शेवाळ होतं. त्यांचा पाय घसरला, दोन दगडांच्या मधे अडकला आणि ते आडवे पडले. नडगीचं हाड कातडीबाहेर आलेलं मला दिसलं.

बंदरावरच्या माणसांनी एका हाडवैद्याकडे नेलं. त्यानं हाड बसवलं, पाला बांधला, आणि आम्ही मडगावला खोलीवर आलो. दोन दिवसांत ताप चढला. पायाला वास येऊ लागला. खानावळवाल्यानं दवाखान्यात पोचवलं. तिथल्या डॉक्टरनं पट्टी सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, तुमच्या घरचं पुरुषमाणूस कोण आहे?

मी चोवीस वर्षांची होते. पोर्तुगीज राज्य, बोली अर्धी कळायची, अर्धी नाही. केशवराव तापात वर्गातल्या पोरांना दटावत होते. मी तारघरात गेले आणि घरी तार केली. तार इंग्रजीत, आणि घरी सासूबाई एकट्या, ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तार केल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि मी तिथल्याच बाकावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर मला काळी टोपी दिसली. पाठोपाठ पद्मजावहिनी, हातात पितळी डबा आणि काखेत माझं लुगडं. आयुष्यात कुणाला बघून मला इतकं बरं वाटलेलं नाही. पद्मजावहिनी कधी खानापूरच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. दत्तोपंतांनी त्यांना का आणलं हे मला त्याच क्षणी कळलं. मला जवळ घ्यायला बाई लागणार, हे त्या माणसानं बेळगावात तार वाचतानाच ओळखलं होतं.

गल्लीत इंग्रजी वाचणारे बरेच होते. पण सासूबाई तार घेऊन थेट दत्तोपंतांच्याच दारात गेल्या होत्या. त्यांनी ती वाचली, उठून टोपी घातली आणि बायकोला म्हणाले, “चल.” सासूबाईंना एवढंच म्हणाले, “आक्का, प्रवास माझ्या घरातून निघालाय. परत आणायचं माझ्याकडे.”

ते डॉक्टरशी बराच वेळ बोलले. मग माझ्याजवळ येऊन बसले.

“वहिनी, पाय वाचेल असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “आमच्या धंद्यात तसं म्हणतच नाहीत. संकट येऊ नये याचा विमा जगात कुणी देत नाही. आलं तर माणूस एकटं पडू नये, एवढंच.”

“आम्ही तर तोही घेतला नव्हता,” मी म्हणाले.

“सकाळपासून पोटात काही गेलंय का तुमच्या?” ते म्हणाले आणि पद्मजावहिनींना डबा उघडायला सांगितला.

पाय काढायचा हे केशवरावांना मी सांगितलं नव्हतं. मला धीर नव्हता. दत्तोपंत म्हणाले, पाय त्यांचा आहे, त्यांना विचारायला हवं. संध्याकाळी ताप जरा उतरल्यावर ते आत गेले, खाटेजवळ स्टूल ओढलं आणि आडपडदा न ठेवता बोलले.

“केशवराव, पाय ठेवला तर तुम्ही राहत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी उलटसुलट विचारून बघितलं. उत्तर तेच येतंय.”

केशवराव छताकडे बघत पडले होते. ते म्हणाले, “फळ्यावर लिहायला हात लागतो.” आणि मग, “आईला कोण सांगणार?”

“मी सांगतो. ते तुमच्याकडे नाही,” दत्तोपंत म्हणाले.

पाय गेला, माणूस राहिला. दत्तोपंत पुढे तीन आठवडे मडगाव-बेळगाव करत होते. एका खेपेला जाऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, हे दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. खर्चाचं विचारलं की म्हणायचे, माणूस आधी घरी जाऊ दे. परत यायच्या दिवशी त्यांनी गार्डला गाठून डब्यात आडवं पडायची सोय करून घेतली, आणि लोंढ्याला गाडी बदलायची म्हणून तिथल्या हमालांना आधीच निरोप धाडला होता. त्यांचा पुढारी परशराम, खानापूरकडचा शेतकरी गडी. त्यानं आणि त्याच्या माणसांनी केशवरावांना बाजल्यावर घालून खांद्यावर उचललं.

“मास्तर, खाली बगू नगासा,” तो म्हणाला. “मानसं हायती खाली. लई जड न्हाय तुमी.”

केशवराव त्या आजारात तेव्हा पहिल्यांदा हसले. मी बाजल्याबरोबर चालत होते. पुढे दत्तोपंत टोपी काढून लोकांना बाजूला सारत होते, आणि मला वाटत होतं की या माणसाला सायकलवरून येताना बघून मी किती वेळा परसात गेले आहे.

आता घरी आल्यावर काय व्हायला हवं होतं? गल्लीनं त्या माणसाला डोक्यावर घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मालुबाई भावाकडून परतल्या आणि त्यांनी दोन आणि दोन मिळवून पाच केले. नेहमी प्रस्थान आपल्याकडे असायचं तेव्हा कधी काही झालं नाही. यंदाच ते विम्याच्या घरी ठेवलं. आणि त्या मेल्यानं देवापुढे पुरचुंडी असताना पाय मोडल्याची भाषा केली. ती भाषा मीच बाहेर बोलून गेले होते, मडगावहून आल्यावर रडता रडता. वास्तू तथास्तु म्हणते, असं मालुबाई म्हणाल्या, आणि गल्लीला ते पटलं. भूगोलवाल्यांनाही.

दत्तोपंतांकडे कुणी सुपारी ठेवेना. सत्यनारायणाला बोलावणं जाईना. विमा तर लांबच राहिला. टिळकवाडीत त्यांचं काम बसलं, शहापुरातही बातमी पोचली. पेढीवरची माणसं त्यांना बघून आत जाऊ लागली. यापूर्वी ती चेष्टेनं जायची, आता भीतीनं जात होती. दोन्हींतला फरक त्यांना समजत होता. ते वाळले.

आणि एवढं होऊनही त्यांनी एक गोष्ट केली नाही. त्यांच्या कंपनीला झाला प्रकार कळला होता. साहेबानं लिहिलं, हे उदाहरण लोकांना सांगा, मास्तरांनी विमा घेतला असता तर दवाखाना, घरी आणणं, बिनपगारी रजेतला घरखर्च, सगळं मिळालं असतं, हे सांगितलं तर कागद हातोहात खपतील. खरंच होतं ते. आमच्या त्या वर्षीच्या ओढाताणीची मला आठवण आहे. पण दत्तोपंतांनी नाही म्हणून कळवलं. केशवराव त्यांना म्हणाले, माझी हरकत नाही, सांगा. तर ते म्हणाले, “तुमच्या पायावर मी धंदा करू? ते नाही व्हायचं.” आमच्या घरात त्यांनी विम्याचा शब्द पुन्हा काढला नाही. ‘मी सांगितलं होतं’ हे तर त्यांच्या तोंडून कधीच आलं नाही. मी असते तर रोज म्हटलं असतं.

सासूबाई या सगळ्या काळात गप्प होत्या. मला त्यांची भीती वाटायची. पंचांगावर त्यांचा जीव, मालुबाईंचं त्यांनाही पटलं असेल असं मी धरून चालले होते. लाकडी पायावर केशवराव ओसरीत फेऱ्या घालायला शिकत असत तेव्हा त्या ठक ठक ऐकत माळ ओढत बसायच्या. कुणी गल्लीतलं बोलणं काढलं की उठून आत जायच्या.

चैत्र आला. मालुबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मला बोलावणं आलं.

“पद्मजाला आलं काय?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माळ खाली ठेवली. तोंड धुतलं, धुतलेलं आलवण नेसल्या आणि पदर डोक्यावरून घेतला. “चल,” म्हणाल्या. मला वाटलं देवळात निघाल्या असतील. त्या माझ्याबरोबर सरळ मालुबाईंच्या दारातून आत शिरल्या.

सवाष्णींच्या हळदीकुंकवात आलवणातली बाई आलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. आरास झाली होती, डाळ-पन्ह्याची भांडी मांडली होती, बायका एकमेकींना गजरे देत होत्या. सगळं बोलणं थांबलं. मालुबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी तशीच राहिली.

“मला कुंकू नगं, मालुबाई,” सासूबाई म्हणाल्या. “बसायला आले न्हाय. बोलायला आलेय.”

त्या उभ्यानंच बोलू लागल्या.

“माझ्या ल्येकाचा पाय गेला. कुठं गेला? मुरगावच्या दगडात. तिथं शेवाळ हुतं, आन ह्याचं ध्यान बोटीकडं. दत्तोपंताचा उंबरा तिथनं लई लांब. तार आली तवा मी एकटी बाई. कुणाच्या दारात जानार? त्याच्या दारात गेले. त्यानं तार वाचली, टोपी घातली आन बायकोला म्हणाला, चल. तुमच्यातलं कुणाचं मानूस उठलं असतं, सांगा. मी ऐकते.”

त्यांनी खरंच वाट पाहिली. एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. मालुबाईंनी मान खाली घातली.

“प्रस्थान मी ठेवायला लावलं. मुहूर्त मी काढला. चुकला असंल तर माझा चुकला. पन ज्या घरातनं मानूस निघालं, त्या घरानं ते परत आणून माझ्या वसरीत ठेवलं. उंबरा ह्याच्यापरीस आनखी काय करतोय?”

पुढचं त्या हळू बोलल्या.

“तुम्ही सगळी मे महिन्यात गावाला निघालाय. निघताना मी समोर आलेली कुणाला चालत न्हाय, म्हणून आदीच आले. पाय मोडतो. ताप भरतो. ट्रंक जाती. परक्या गावात पोरीनं एकटीनं रडायची पाळी येती. दत्तोपंत हे बोलला की तुम्ही कानावर हात ठेवता, अशुभ म्हणून. मग मी बोलते. मी अशुभच की. माझ्याकडनं ऐका, आन त्याच्या कागदावर सही करून मग गाडीत बसा.”

माझे डोळे भरून आले. या बाईला मी चार-पाच वर्षं नुसतं भीत आले होते. जन्मभर जो शब्द लोकांनी त्यांच्या कपाळावर मारला होता, तो त्यांनी स्वतः उचलला होता आणि दुसऱ्याच्या कामाला लावला होता.

मालुबाईंनी कोयरी खाली ठेवली. त्या पुढे आल्या, सासूबाईंना पाट दिला, पन्ह्याचा पेला त्यांच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “जा गं, पद्मजाला घेऊन ये. मी बोलावलंय म्हणून सांग. नको, थांब, मीच येते.”

आम्ही दोघी गेलो. दत्तोपंत ओसरीवर बसले होते. एकदम दोघी बायका दारात बघून ते घाबरून उभे राहिले. मालुबाई सरळ आत पद्मजावहिनींकडे गेल्या.

“काय झालं, वहिनी? केशवराव बरे आहेत ना?”

“बरे आहेत,” मी म्हणाले. “आमच्या सासूबाई हळदीकुंकवात तुमचा विमा विकताहेत.”

त्यांना कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. ते ऐकत खाली बसले.

“पायाचंही सांगितलं त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“पायाचंच आधी सांगितलं.”

“आई आहेत, म्हणून सांगू शकल्या,” दत्तोपंत म्हणाले. “मला ते कधीच जमलं नसतं.”